बंगईची तराई

आईच्या आधी तिची बंगई आली. सिंदेवाहीहून गडचांदूरला येणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोत, तिच्याच तांदळाच्या पाच कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, आडवी टाकून. सागवानाची फळी, सहा फूट लांब, दोन फूट रुंद, आणि चार लोखंडी कड्या. पुण्याकडचे लोक ज्याला झोपाळा म्हणतात ती आमची बंगई. मी ती पोर्चमध्ये उतरवून घेतली आणि सवयीप्रमाणे वजन केलं. घरातल्या काट्यावर फळी उभी धरली, मग कड्या ठेवल्या. अडतीस किलो.

मी इथल्या एका सिमेंट कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला आहे. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, रिकाम्याचं वजन वजा करायचं, आकडा लिहायचा. इतकी वर्षं हेच केल्यामुळे मला कोणतीही वस्तू दिसली की आधी तिचं वजन सुचतं. बायको म्हणते, लग्नात हार घालतानाही तुम्ही मला अंदाजतच होता. ते खरं नाही. हार अंदाजत होतो.

मागून आई आली, एका पिशवीनिशी. तीन लुगडी, चष्मा, गुडघ्याचं तेल. तिच्यासाठी मागची खोली रंगवून ठेवली होती, पण ती पोर्चमध्येच थांबली आणि तिने वर पाहिलं.

"बंगई कुठी टांगणार?"

"पाहू ना, आई. तू आत तं ये."

"बंगई लागली तं पौर्णिमेपर्यंत राहीन. मंग पुढचं पाहू."

"अन् नाई लागली तं?"

"माही पिशवी भरलेलीच हाये."

पौर्णिमा म्हणजे बुद्धपौर्णिमा. ती तोंडावर आली होती. हिवाळ्यात आई न्हाणीत घसरली होती आणि तेव्हापासून तिचा उजवा गुडघा तिचं ऐकत नव्हता. वडील गेल्यावर सिंदेवाहीच्या घरात ती एकटीच राहायची. तिने आता आमच्याकडे कायमचं राहावं असं आम्हा दोघांना मनापासून वाटत होतं, आणि तिला तसं वाटत नव्हतं. सगळं त्या फळीवर येऊन ठेपलं होतं.

हा हट्ट नव्हता. मी ते घर ओळखतो. तांदूळ निवडणं, भाजी चिरणं, दुपारची डुलकी, शेजारणीशी भांडण आणि त्याच शेजारणीशी समेट, सगळं आईने बंगईवर बसून केलं. पायाच्या अंगठ्याने जमिनीला जरासा रेटा द्यायचा आणि बोलायला लागायचं. खाली सतरंजीवर बसलेली आई पाहुणी दिसते. बंगईवर बसली की घर तिचं होतं.

सिंदेवाहीच्या घराला लाकडी मयाल, म्हणजे तुळई होती, तिच्यात कड्या अडकवल्या की झालं. आमच्या घराला स्लॅब. तो ओतला तेव्हा त्यात चार हूक सोडायचं कुणाला सुचलं नाही. नंतर मी वरच्या गच्चीला पाणी गळू नये म्हणून थर चढवून घेतला, त्यामुळे स्लॅबला आरपार भोक पाडणं हा विषयच नव्हता. उरल्या पोर्चच्या दोन बीम. समोरासमोर, मधे नऊ फूट अंतर, प्रत्येकीची रुंदी नऊ इंच.

शेजारचे भाऊ लगेच आले. हे निवृत्त मिस्त्री. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांनी बांधली आहेत आणि उरलेल्या निम्म्यांना ते नावं ठेवतात. आमचं गाव सिमेंटचं. इथे दात हलला तरी लोक सिमेंट सुचवतील. भाऊंनी बीमवर दोनदा बोटं वाजवली.

"सोपं काम हाये. छिन्नीनं भोक पाडाचं, हूक ठोकाचा, सिमेंट भराचं. आठ दिवस तराई कराची. मंग हत्ती बसव."

तराई म्हणजे ताज्या सिमेंटला पाणी मारणं. सकाळ-संध्याकाळ पाणी पाजलं नाही तर सिमेंटात जोर येत नाही, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधीच पोरांना कळतं.

"भाऊ, तुमच्या घरी कपड्याच्या दोरीचा हूक तसाच लावला ना?" मी विचारलं.

"हो. वीस वर्षं झाली."

"तो तं फिरते."

"फिरते," भाऊ म्हणाले. "पण निघाला का?"

कपड्याची दोरी आणि आई यांत फरक आहे, असं मी म्हणालो. आई पोर्चमध्येच होती. "कोनता फरक, सांग बरं," ती म्हणाली. भाऊ हसून हसून खाली बसले.

मग मी वेल्डिंगवाल्याकडे गेलो. बसस्टँडच्या मागे त्याचं शेड आहे. दारं, जाळ्या, कारखान्यातल्या कामगारांसाठी चढायच्या शिड्या आणि कठडे, असं काम तो करतो. त्याने घरी येऊन टेपने मापं घेतली आणि सांगितलं की बीमला खालून हूक लावायचाच नाही. पाच इंची लोखंडी चॅनल दोन्ही बीमच्या मधे आडवा टाकायचा, त्याच्या दोन्ही टोकांना प्लेट, आणि त्या प्लेटी बीमच्या आतल्या अंगाला बोल्टने पक्क्या करायच्या. बंगई चॅनलला लटकेल. म्हणजे भार बोल्ट बाहेर ओढणार नाही, खाली दाबेल.

"अन् बोल्ट बीममध्ये कायनं बसवणार?"

"केमिकल लावू, दादा. अँकरवालं. वर कठडे लावतो ना आम्ही, त्याले तेच लावतो."

हे केमिकल म्हणजे दोन भागांचं रेझिन. एकाच नळकांड्यात दोन कप्पे, दोन्हीतला माल पुढच्या नळीत पिळत पिळत एकत्र होतो आणि मग काही मिनिटांत दगडासारखा घट्ट. ड्रिलने भोक पाडायचं, रेझिन भरायचं, आट्यांचा रॉड फिरवत आत घालायचा. रॉड, रेझिन आणि काँक्रीट एकजीव होतात. त्याने मला नळकांड्यासोबतचा कागद दिला. तो मी जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा वाचला.

कागदावर लिहिलं होतं की माल पाच ते पंचवीस अंशांत साठवावा. हे वाचून मी बायकोला हाक मारली. बाहेर मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला. आमच्या जिल्ह्यात पंचवीस अंश झालं की लोक कानटोप्या बाहेर काढतात.

"मंग थंड जागा म्हणजे फ्रिजच," बायको म्हणाली.

फ्रिजच्या दारात थर्मामीटर ठेवून पाहिला, आठ अंश. चालण्यासारखं होतं. नळकांडं दुधाच्या पातेल्याशेजारी उभं केलं. दुपारी आईने ताक काढायला दार उघडलं आणि तिथूनच ओरडली.

"बाबू! दुधापाशी इख कोनं ठेवलं?"

"इख नाई आई, तुह्या बंगईचं औषध हाये."

"औषधावर कवटी काढते का कोनी?"

कवटी नव्हती, उद्गारचिन्ह होतं. पण आईने त्या दिवशी ताक प्यायलं नाही. नळकांडं मग एका डब्यात, डबा पिशवीत, आणि पिशवी भाजीच्या कप्प्यात गेली.

भाराचा हिशोब मी पोर्चच्या फरशीवर खडूने केला. बंगई अडतीस किलो. बसणाऱ्या बायका चार, कारण आईच्या बंगईवर कधीच चारांहून कमी बायका पाहिल्याचं मला आठवत नाही. प्रत्येकी सत्तर, म्हणजे दोनशे ऐंशी. एकूण तीनशे अठरा. झोका घेताना भार वाढतो म्हणून दुप्पट, सहाशे छत्तीस. चॅनलचं स्वतःचं वजन पस्तीस. सहाशे एकाहत्तर भागिले आठ रॉड, प्रत्येकी चौऱ्याऐंशी किलो. एका रॉडला कागदावर जो भार दिला होता, त्यापुढे हा आकडा फार किरकोळ होता. मी समाधानाने उठलो.

बायकोने वाकून पाहिलं. "हे सत्तर कोन?"

"सरासरी हाये."

"माहं वजन सत्तर पकडलं तुम्ही?"

"तुहं नाई. चार बायांची सरासरी..."

"त्या चारांत मी हाये का नाई?"

संध्याकाळपर्यंत फरशी पुसलेली होती.

शनिवारी दुपार कलल्यावर वेल्डिंगवाला ड्रिल मशीन घेऊन आला. चौदा मिलिमीटरचा बिट, एकशे दहा मिलिमीटर खोली. बिटवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळलेली, ती काँक्रीटला टेकली की थांबायचं. तिसऱ्या भोकाला आतली सळई लागली. बिट नुसता किंचाळत राहिला. सळई कापायची नाही, असं तोच म्हणाला. प्लेट दोन इंच सरकवली आणि नवीन भोकं घेतली. आधीची तिन्ही भोकं सिमेंटने भरायला शेजारचे भाऊ आपणहून थापी घेऊन आले. तेवढं काम तरी सिमेंटला मिळालं म्हणून ते खूश होते.

भोकं पाडण्यापेक्षा ती साफ करायला जास्त वेळ लागला. सायकलच्या पंपाला बारीक नळी लावून तो आत हवा मारायचा, मग तारेचा ब्रश फिरवायचा, मग पुन्हा हवा. प्रत्येक वेळी पांढऱ्या पिठाचा लोट बाहेर यायचा. आत जरा जरी भुकटी राहिली तर रेझिन काँक्रीटला न धरता भुकटीलाच धरतं, आणि मग रॉड कपड्याच्या दोरीच्या हुकासारखा फिरतो. हे त्याने भाऊंच्या देखत सांगितलं. भाऊंनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

आई दारात खुर्ची टाकून बसली होती. पदर नाकाला, डोळे बीमवर. शेवटी आठही भोकं स्वच्छ झाली. रेझिन भरायचं काम रविवारी पहाटेवर ठेवलं, कारण कागदावरच्या तक्त्याप्रमाणे तीस अंशांत हाताशी चार मिनिटं मिळतात आणि चाळीस अंशांच्या पुढे ते वापरूच नये. आमच्याकडे तीस अंश फक्त पहाटेच भेटतात.

रविवारी उजाडता उजाडता मला पाण्याचा आवाज आला. झाडांना पाणी द्यायची वेळ झाली असेल असं वाटलं. मग लक्षात आलं की आमच्याकडे झाडं मागच्या बाजूला आहेत.

पोर्चमध्ये आई उभी होती. लुगडं खोचलेलं, एक हात खांबाला, दुसऱ्या हातात नळाचा पाईप. पाईपच्या तोंडावर अंगठा दाबून तिने असा नेमका फवारा केला होता की तो खालून थेट वर बीमच्या भोकांत जात होता. एक भोक झालं की दुसरं. आठही भोकांतून पाण्याचे ओघळ उतरत होते.

"आई! काय करून राह्यली तू?"

"तराई," ती म्हणाली. मान न वळवता. "कोरडं ठणठणीत ठेवलं तुमी. भराच्या आधी भोक ओलं पायजे. कोरडं भोक मालाचं पाणी पिऊन घेते. एवढंई नाई सांगतलं का त्या पोट्ट्यानं तुले?"

यात तिचं काही चुकत नव्हतं, सिमेंट असतं तर. माझ्या जन्माआधी सिंदेवाहीला सरकारी क्वार्टरचं बांधकाम चाललं होतं, तेव्हा आई तिथे मजुरीला जात असे आणि तिच्याकडे तराईचंच काम होतं. पाईप नव्हते, घमेल्यातून पाणी मारायचं. त्या क्वार्टरच्या भिंतींना आजवर तडा नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

तेवढ्यात वेल्डिंगवाला फाटकातून आत आला. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि हातातली पिशवी हळूच ओट्यावर ठेवली.

"बाई, हे काय केलं तुमी? पाण्यात हे धरत नाई न!"

मी नळ बंद केला. माझा आवाज जरा चढला असावा. "आता आजचं काम गेलं, आई. विचाराचं तं होतं एकदा."

आईने पाईप गुंडाळला. अगदी व्यवस्थित, गोल गोल. "माहा हात लागला का बिघडते सर्व," ती म्हणाली. "पौर्णिमेची कायले वाट पाहू? मी उद्याच जातो सिंदेवाहीले." आणि गुडघ्यावर हात ठेवत आत निघून गेली.

वेल्डिंगवाल्याने शिडीवर चढून भोकांत डोकावून पाहिलं. मग म्हणाला की ऊन आहे, आज दिवसभर वाळू देऊ, उद्या पहाटे पाहू. त्याने हवा मारून भोकांतलं साचलेलं पाणी काढलं आणि गेला.

मी स्वयंपाकघरात बसून राहिलो. बायको चहा गाळत होती.

"उद्या जाते म्हणते," मी म्हणालो.

"जात नाईत त्या."

"तुले काय माहीत?"

"जायचंच असतं तं पायटी, उजाडाच्या आत उठून, त्या पायानं, पाईप ओढत कायले नेला असता?" तिने कप माझ्यापुढे ठेवला. "ज्या घरात राहायचं नाई, त्या घराले कोनी तराई करते का?"

मी काट्यावर आयुष्य काढलं आणि ही बेरीज मला जमली नव्हती. चहा घेऊन आईच्या खोलीत गेलो. पिशवी पलंगावर होती, पण तिच्यात काही भरलेलं नव्हतं. उलट तिन्ही लुगडी घड्या घालून कपाटात गेलेली होती, बहुधा आल्या दिवसापासूनच. मी कप पुढे केला. तिने चहा घेतला.

"लई पानी गेलं का आत?" तिने विचारलं.

"ऊन्ह हाये ना. वाळते."

आणि वाळलं. आमचं ऊन एरवी शिव्या खातं, त्या दिवशी मी त्याचे आभार मानले. दर तासाला काडीला सुती चिंधी गुंडाळून मी ती प्रत्येक भोकात घालून पाहत होतो. सकाळी चिंधी ओली, दुपारी दमट, संध्याकाळी कोरडी. शेजारचे भाऊ कुंपणावरून पाहत होते.

"काय करून राह्यला बे?"

"बीमचे कान साफ करून राह्यलो."

सोमवारी पहाटे थर्मामीटर तीसला होता. वेल्डिंगवाल्याने भोकांतून पुन्हा ब्रश आणि हवा फिरवली. मग नळकांडं माल पिळायच्या बंदुकीत चढवलं. पहिला माल भोकात घालायचा नसतो, दोन्ही भाग नीट मिसळेपर्यंत तो वाया घालवायचा. त्याने जुन्या वर्तमानपत्रावर दाब दिला. आधी पांढऱ्या-काळ्या रेघा आल्या, मग सगळं एकसारखं करडं झालं. तेव्हा त्याने नळी भोकाच्या तळापर्यंत घातली आणि आतून बाहेर भरत आणलं. रॉड फिरवत फिरवत आत गेला, कडेने थोडा माल बाहेर आला, आणि तो पुढच्या भोकाकडे वळला.

आई दारात येऊन उभी राहिली होती. वर्तमानपत्रावर पडलेला गोळा तिने वाकून पाहिला. हात लावायला गेली तेव्हा बायकोने थांबवलं. जरा वेळाने तो घट्ट झाला, तेव्हा आईने काडीने टकटक केलं. नखाने खरवडून पाहिलं. वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"वास वंगाळ हाये. पन हे तं लाख होय!"

आमच्या आठवडी बाजारात जंगलातल्या गावांतून बाया लाख विकायला आणत. विळ्याची मूठ बसवायची तर मुठीच्या भोकात लाखेची भुकटी भरायची, विळ्याचं शेपूट लाल होईपर्यंत तापवायचं आणि आत खुपसायचं. लाख वितळते, मग थंड होऊन लाकडाला आणि लोखंडाला असं धरते की मूठ झिजून जाते पण विळा हलत नाही. आमच्या घरातले सगळे विळे वडिलांनी असेच बसवले होते.

"लाखच समजा बाई," वेल्डिंगवाला शिडीवरून म्हणाला. "कारखान्यातली लाख."

"मंग लाख हाये म्हनून पह्यले काऊन नाई सांगतलं?" आई कडाडली. "केमिकल केमिकल करून राह्यले दोघंई! मुठीच्या भोकात पानी टाकते का कोनी? लाख सांगतली असती तं मी पाईपाले हात तरी लावला असता का?"

वेल्डिंगवाला शिडीवर इतका हसला की मला शिडी धरावी लागली. त्याने हाताशी असलेली चारही मिनिटं गमावली आणि सातव्या भोकासाठी नळी बदलावी लागली, कारण जुन्या नळीतला माल नळीतच गोठला होता.

आठ रॉड बसले. आता दिवसभर कुणी हात लावायचा नाही, असं त्याने सांगितलं. ते माझ्यासाठी होतं, पण आईने आपल्यावर घेतलं. विळ्याची मूठ थंड होईपर्यंत हलवायची नसते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने खुर्ची बरोबर दोन बीमच्या मधे टाकली आणि मांडीवर काठी घेऊन बसली. भाऊ सकाळचे फिरायला निघाले ते वळून आत आले आणि सवयीने एका रॉडकडे हात नेला.

"पाहू दे जरा, धरलं का..."

"हात लावशील तं खबरदार," आईने काठी उचलली. "तुह्या दोरीचा हूक फिरव जाऊन."

भाऊ हात मागे घेऊन उभे राहिले. "बाई, मी एवढी घरं बांधली..."

"तराई कोनं केली त्याले?"

भाऊंनी खुर्ची मागवली आणि तेही राखणीला बसले.

दुसऱ्या दिवशी चॅनल चढला, नट आवळले, कड्या लागल्या, बंगई टांगली. आई उठलीच होती, पण मी तिला थांबवलं. आधी सहाशे किलो ठेवून पाहिल्याशिवाय मी कुणाला बसू देणार नव्हतो. तिचे तांदळाचे पाच कट्टे होते, प्रत्येकी पन्नास. अजून सात हवे होते. ते भाऊंच्या घरून आले, माळा वाढवायला त्यांनी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या गोण्या.

"पाह्य," भाऊ म्हणाले. "शेवटी सिमेंटच कामी आलं ना!"

बारा पोती बंगईवर चढली. मी प्लेटीच्या कडेला पेन्सिलने रेघा मारून ठेवल्या होत्या. जरा जरी सरकलं तर दिसलं असतं. भार रात्रभर तसाच ठेवायचं ठरलं. आई सतरंजीवर बसून ते पाहत होती.

"धान झुला खाऊन राह्यलं," ती म्हणाली, "अन् मी खाली."

सकाळी रेघा जागच्या जागी होत्या. पोती उतरवली, फळी पुसली. आई बसली. पायाचा अंगठा फरशीला लावला आणि रेटा दिला. कडी जरा कुरकुरली. तिने वर पाहून तेल मागितलं, गुडघ्याचं. मी यंत्राचं आणून दिलं.

पौर्णिमेला खिरीचं पातेलं पोर्चमध्येच ठेवलं होतं. गल्लीतल्या बाया पांढऱ्या साड्यांत वंदना करून आल्या आणि एकेक करून बंगईवर बसत गेल्या. चार झाल्या तेव्हा मी बरोबर मोजल्याचं समाधान वाटलं. मग पाचवी बसली. मी दारातून मनातल्या मनात भागाकार केला आणि वर पेन्सिलच्या रेघा पाहिल्या. आई मधोमध होती. क्वार्टरच्या भिंतींची गोष्ट सांगत होती, आणि आता त्यात लाखही आली होती.

मी तिच्या उत्तराची वाट पाहत होतो. पौर्णिमा झाली, पुढचं काय? विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं, बायकोने डोळ्यांनीच थांब म्हणून सांगितलं होतं. संध्याकाळी वेल्डिंगवाला खीर खायला आला. आईने त्याला वाटी भरून दिली आणि शेजारी बसवून घेतलं.

"ते लाख उरली का रे?"

"हाये अर्धी. काऊन बाई?"

"न्हाणीत एक दांडा लावून दे मले. धराले. उन्हाळ्यात चालते, पन पावसाळ्यात पाय घसरते अन् थंडीत गुडघा आखडते."

मी वाटी खाली ठेवली. पावसाळा आणि थंडी. माझ्या हिशोबाने ते फेब्रुवारीपर्यंत जात होतं. बायको पदराआड हसत होती.

तो लगेच न्हाणी पाहायला उठला. भिंत वाजवून पाहिली. राखेच्या विटांची आहे, वर टाइल, विटांत पोकळी असेल तर जाळीची नळी घालून मग रेझिन भरावं लागेल, असं म्हणाला. आई टाइलपुढे उभी राहिली आणि पडताना माणूस जसा हात टाकतो तसा हात टाकून दाखवला. तिच्या तळव्याच्या उंचीवर मी खडूने खूण केली. जमिनीपासून तीस इंच. तिने पुन्हा हात टाकला, पुन्हा तीस.

"उद्या पायटी येतो," वेल्डिंगवाला म्हणाला. "पन बाई, भोक..."

"कोरडं पायजे. माहीत हाये मले." आईने न्हाणीतला नळ घट्ट बंद केला, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि हुकूम सोडला. "उद्यापासून दांडा पक्का होईपर्यंत या घरात कोनी आंघोळ कराची नाई."

मे महिन्यात, चंद्रपूर जिल्ह्यात. आम्ही भाऊंकडे जाऊन आंघोळ करून आलो.